घरगुती विमानाचे लगाम

विमान म्हटलें कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें त्याचे पंख, त्याचें इंजिन आणि इंजिनापुढें गरगर फिरणारा प्रॉपेलर हीं उभीं राहतात. पंखांनीं विमान उचललें जातें, प्रॉपेलरनें तें पुढें ओढलें जातें आणि वैमानिक त्यास हवें तिकडे वळवितो, एवढें ज्ञान आतां शाळकरी मुलांसही असतें. परंतु वैमानिकाच्या मनांत जो हुकूम येतो तो इंजिनापर्यंत पोंचतो कसा, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. लहान विमानांत हें दूताचें काम करंगळीहूनही बारीक अशा तीन-चार केबली करीत असतात. त्या नीट चालत आहेत तोंवर त्यांचें नांव कोणी काढीत नाहीं. पण त्यांतील एखादी अडकली, निखळली किंवा तुटली, म्हणजे दीडशें अश्वशक्तीचें इंजिन लगाम सुटलेल्या घोड्याप्रमाणें वाटेल तसें वागूं लागतें.

कारखान्यांत तयार झालेल्या विमानाची अशी केबल जुनी झाली, तर कारखान्याच्या पुस्तकांत तिचा क्रमांक पाहून तीच पुन्हां मागवावयाची, एवढेंच काम असतें. परंतु ज्यानें आपलें विमान आपल्या हातांनीं घरीं बांधलें त्यानें काय करावें? त्याच्या विमानाचें पुस्तक त्यानेंच लिहावयाचें असतें. ह्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे यंत्रशास्त्रांतील कित्येक मनोरंजक गोष्टी कळतात, आणि जबाबदारी ह्या शब्दाचा अर्थही थोडा स्पष्ट होतो. म्हणून हा विषय आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

घरीं बांधलेलें विमान

विमान घरीं बांधतां येतें हें वाचून कित्येकांस आश्चर्य वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास यशस्वी विमानांची परंपरा घरगुती उद्योगांतूनच निघालेली आहे असें दिसून येईल. राइट बंधू हे अमेरिकेंतील डेटन शहरचे सायकलींचे दुकानदार. १९०३ सालीं त्यांनीं जें विमान उडविलें त्याचे भाग ह्या दुकानांतच तयार झाले होते. त्या इंजिनास आजच्यासारखा थ्रॉटल नव्हता, त्यामुळें आमच्या आजच्या विषयाची अडचण त्यांस पडली नाहीं. पुढें विमान हा मोठ्या कारखान्यांचा माल झाला, तथापि हौशी लोकांची परंपरा तुटली नाहीं. १९५३ सालीं पॉल पोबेरेझ्नी ह्या गृहस्थांनीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. तिच्यातर्फे ऑशकॉश ह्या गांवीं उन्हाळ्यांत जो मेळा भरतो, त्यांत लोक आपापलीं स्वहस्तें बांधलेलीं विमानें घेऊन येतात.

अमेरिकन सरकारचा नियम असा आहे कीं, बांधणीचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनीं केवळ स्वतःच्या शिक्षणासाठीं किंवा करमणुकीसाठीं केलेला असेल, तर त्या विमानास 'प्रायोगिक' वर्गांत उड्डाणाचा दाखला मिळूं शकतो. आपल्याकडेही ही हौस अगदींच अपरिचित नाहीं. मुंबईचे वैमानिक अमोल यादव ह्यांनीं कांदिवली येथील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें; २०१६ सालीं मुंबईंतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें, आणि २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली. परंतु ह्या विद्येचें माहेरघर अमेरिका असल्यामुळें आपण उदाहरण तेथलेंच घेऊं. ऑरेगन राज्यांतील रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन ह्यांनीं योजिलेल्या आर. व्ही. जातीच्या विमानांचे सुटे भाग मागवून हजारों लोकांनीं विमानें बांधलीं आहेत. त्यांपैकीं आर. व्ही. ६ हें आपण पाहूं. त्याचें अंग ॲल्युमिनियमचें, पुढें बहुधा लायकॉमिंगचें चार सिलिंडरांचें, दीडशें ते एकशेंऐशीं अश्वशक्तीचें इंजिन, आणि आंत शेजारीं-शेजारीं दोन बैठका.

ह्या दुसऱ्या बैठकीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. अमेरिकेंत अशा विमानांत उतारूस दिसेल अशी एक पाटी लावलेली असते. हें विमान हौशी माणसानें बांधलेलें असून नेहमींच्या विमानांस लागू असलेले सुरक्षिततेचे सरकारी नियम त्यानें पुरे केलेले नाहींत, असा तिचा आशय असतो. त्या बैठकीवर बहुधा बांधणाऱ्याची पत्नी, मुलगा किंवा एखादा स्नेही बसतो. तो पाटी वाचतो आणि तरीही बसतो. कारण नियमांचा आधार नाहीं तेथें तो शेजारच्या माणसावर भरंवसा टाकतो. पुढें जें जें सांगावयाचें आहे तें ह्या भरंवशाच्या संदर्भांत वाचावें, अशी आमची विनंति आहे.

ओढणारी तार आणि ढकलणारी तार

सायकलचा ब्रेक ज्यानें एकदां तरी दुरुस्त केला आहे त्यास ह्या केबलची रचना नवीन वाटणार नाहीं. १८९६ सालीं अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन ह्यांनीं तिचें पेटंट घेतलें, म्हणून तिला बाउडन केबल असें म्हणतात. एका लवचीक, परंतु लांबींत न दबणाऱ्या नळींतून तार ओंवलेली असते. नळीचीं दोन्हीं टोकें पक्कीं बांधलेलीं असलीं, म्हणजे नळी मध्यें कशीही वळली तरी एका टोकाशीं तार जितकी सरकेल जवळजवळ तितकीच ती दुसऱ्या टोकाशींही सरकते. सरळ दांडा जेथून नेतां येत नाहीं तेथून हालचाल नेण्याची ही युक्ति मोठी सोयीची आहे.

तथापि सायकलची तार फक्त ओढण्याचें काम करते; ब्रेक सोडला म्हणजे तिला मागें नेण्याचें काम स्प्रिंग करते. लगामाचेंही तसेंच आहे. तो ओढतां येतो, ढकलतां येत नाहीं. विमानाच्या इंजिनास मात्र ओढणें व ढकलणें हे दोन्ही हुकूम एकाच केबलनें पोंचवावे लागतात. त्यासाठीं आंतली तार अधिक जाड व ताठ असते, ती नळींत अगदीं बेताच्या सैलपणानें बसते, आणि तिच्या दोन्हीं टोकांस पोलादी दांडे घट्ट दाबून बसविलेले असतात. असें न केलें तर ढकलतांना तार नळींतल्या नळींत नागमोडी होईल आणि हुकूम अर्ध्या वाटेंतच जिरून जाईल.

ह्या केबलींच्या मुठी वैमानिकापुढें ओळीनें असतात. काळी मूठ थ्रॉटलची. इंजिनांत किती हवा जाऊं द्यावयाची, म्हणजे किती शक्ति निर्माण करावयाची, हें ती ठरविते. तांबडी मूठ मिश्रणाची. हवेशीं पेट्रोलचें प्रमाण किती असावें हें तिच्या हातीं असतें, आणि ती पूर्ण मागें ओढली तर पेट्रोल तुटून इंजिन बंद पडतें. ज्या विमानांत प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन बदलतां येतो त्यांत निळी मूठही असते. चौथी केबल कार्ब्युरेटरकडे गरम हवा सोडण्यासाठीं. कारण पेट्रोलची वाफ होतांना कार्ब्युरेटर इतका गार पडतो कीं दमट हवेंत त्याच्या आंत बर्फ जमून इंजिनाचा श्वास कोंडतो. थ्रॉटल पुढें ढकलला कीं शक्ति वाढावी, मिश्रण पुढें ढकललें कीं पेट्रोलचें प्रमाण वाढावें आणि निळी मूठ पुढें ढकलली कीं फेरे वाढावे, असा संकेत ठरलेला आहे. संकटांत माणसाचा हात बुद्धीस विचारीत बसत नाहीं. तो संवयीनें पुढें जातो. म्हणून नवी केबल घेतांना तिची दिशा उलटी होणार नाहीं हें प्रथम पाहिलें पाहिजे.

बदलण्यापूर्वीं कारण शोधावें

समजा, वीस वर्षांपूर्वीं बांधलेल्या अशा एका विमानाचा थ्रॉटल जड झाला आहे. मूठ ढकलतांना ती मध्येंच थबकते आणि मग एकदम पुढें उडी घेते. मालकाच्या मनांत लगेच नवी केबल आणण्याचा विचार येतो. परंतु वैद्य ज्याप्रमाणें ताप उतरविण्यापूर्वीं तो कशानें आला हें पाहतो, त्याप्रमाणें येथेंही आधीं कारण शोधणें अगत्याचें आहे. नाहींतर नवी केबलही त्याच दुखण्यानें आजारी पडेल.

पहिली परीक्षा सोपी आहे. केबलचें इंजिनाकडील टोक कार्ब्युरेटरच्या दांडीपासून सोडवावें आणि दोन्ही वेगवेगळीं हलवून पाहावीं. दांडीच जड असेल तर दोष कार्ब्युरेटरचा आहे, केबल निरपराधी आहे. दांडी हलकी व केबल जड असेल तर मग केबलच्या वाटेनें बोट फिरवीत जावें. ती एक्झॉस्टच्या नळीजवळून गेली आहे काय? त्या नळींतून वाहणारा वायु सातशें अंश सेंटिग्रेडहूनही अधिक तापलेला असतो, आणि केबलच्या आंतील अस्तर बहुधा प्लॅस्टिकच्या जातीचें असतें. एखादा क्लॅम्प अति आवळल्यामुळें नळी दबली आहे काय? टोंकांतून पाणी शिरून आंत गंज धरला आहे काय? पाण्याचा दोष जमिनीवर कधीं कधीं दिसतही नाहीं. दर हजार फुटांस हवा सुमारें दोन अंशांनीं गार होत जाते, आणि वर गेल्यावर नळींतील थेंब गोठून तार धरून ठेवतो. खालीं येईपर्यंत तो वितळलेला असतो.

आणखी एक कारण असें आहे कीं तें पुष्कळांस सुचतही नाहीं. इंजिन सुरू करतांना स्टार्टर शेंकडों अँपिअर वीज ओढतो. ही वीज इंजिनाच्या अंगांतून बॅटरीकडे परत जावी म्हणून इंजिन आणि विमानाचें अंग ह्यांच्यामध्यें तांब्याच्या विणलेल्या तारांचा जाड पट्टा जोडलेला असतो, कारण इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेलें असल्यामुळें त्याचा धातूशीं दुसरा चांगला सांधा नसतो. हा पट्टा तुटला, सैल झाला किंवा गंजला, तर वीज दुसरी वाट शोधते, आणि तिला सर्वांत सोयीची वाट सांपडते ती ह्या केबलींची. तेवढ्या विजेनें त्यांची पोलादी नळी तापते, अस्तर वितळतें आणि तार जागोजाग चिकटते. अशा विमानांत केवळ केबल बदलणें म्हणजे पागोळी चालू ठेवून जमीन पुसण्यासारखें आहे. केबलपूर्वीं पट्टा तपासावा, हा नियम प्रत्येक हौशी बांधणाऱ्यानें पाठ करून ठेवावा.

निवड कशी करावी

कारण सांपडलें, तें दूर केलें, आणि केबल बदलावयाचीच असें ठरलें, म्हणजे निवडीचा प्रश्न येतो. जुनी होती तशीच आणावी हें उत्तर सोपें आहे, परंतु जुनी बरोबर होती हें गृहीत धरल्यासच तें खरें. म्हणून जुन्या केबलकडे साक्षीदार म्हणून पाहावें, न्यायाधीश म्हणून नव्हे.

प्रथम जात. एकेरी पोलादी तार साध्या वेटोळ्यांच्या नळींत घातलेली केबल स्वस्त व हलकी असते, आणि ती हवी तितकी कापून घेतां येते. जेथें जोर थोडा लागतो, अशा गरम हवेच्या झडपेसारख्या कामास ती पुरते. थ्रॉटल व मिश्रण ह्यांस मात्र अनेक तारांच्या पिळाची, अस्तर लावलेली आणि दोन्हीं टोकांस दांडे दाबून बसविलेली केबलच घेणें चांगलें. ती घरीं कापतां येत नाहीं. लांबी सांगूनच मागवावी लागते. मुठीचेही प्रकार आहेत. साधी मूठ सरळ सरकते. दुसरीस आटे असून ती फिरवून बारीक फरक करतां येतो, आणि मधली कळ दाबली कीं तीही सरळ सरकते. हा दुसरा प्रकार मिश्रणास फार उपयोगी पडतो. थ्रॉटल मात्र उतरतांना भराभर मागें-पुढें करावा लागतो, म्हणून त्यास साधी मूठच पसंत करणारे पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट लांबी. ती कागदावर मोजूं नये. जुन्या नळीचा तुकडा किंवा तितकीच ताठ वायर घेऊन ती प्रत्यक्ष मार्गानें न्यावी, वळणें सावकाश द्यावीं आणि मग मोजावी. आंखूड केबल इंजिन हललें कीं ताणली जाते. फार लांब केबलचा फुगवटा कोठें तरी एक्झॉस्टला टेकतो. दोन्ही दोषच आहेत. परंतु आंखूड केबलवर उपाय नाहीं, आणि थोड्या लांब केबलला एखादें मोठें, सावकाश वळण देतां येतें.

तिसरी गोष्ट चाल, म्हणजे तार किती सरकली पाहिजे. येथें शाळेंतील भूमिति कामास येते. कार्ब्युरेटरची दांडी ५० मिलिमीटर लांब असून ती एकंदर ९० अंश फिरत असेल, तर तिच्या टोकाच्या आरंभीच्या व शेवटच्या जागेंतील सरळ अंतर सुमारें ७१ मिलिमीटर भरतें. तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर, चालीची केबल घेतल्यास थोडी जागा शिल्लक राहते, आणि ती राहिलीच पाहिजे. इंजिनाकडील दांडीनें आपल्या अटकावास आधीं टेकावें आणि वैमानिकाची मूठ त्या वेळीं आपल्या अटकावापासून किंचित् दूर असावी, असा नियम आहे. ह्याच्या उलट झालें, म्हणजे मूठ आधीं टेकली, तर वैमानिक थ्रॉटल पूर्ण पुढें ढकलल्याच्या समजुतींत राहतो आणि इंजिनास पूर्ण शक्तीचा हुकूम मिळालेलाच नसतो. आंखूड धांवपट्टीच्या टोकाशीं झाडें असतील तर हा कांहीं मिलिमीटरांचा फरक फार महाग पडतो.

चौथी गोष्ट वळणें. वळण किती आंखूड असावें ह्याची मर्यादा प्रत्येक कर्ता आपल्या केबलसाठीं सांगतो, आणि ती पाळावी हें उघडच आहे. परंतु एकंदर वळणांची बेरीज हीही तितकीच महत्त्वाची आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कोंकणांतील बंदरावर खुंटास दोन-तीन वेढे दिलेला दोर एकटा खलाशी धरतो आणि भरलेलें गलबत थोपवून ठेवतो. त्या वेढ्यांत जें घर्षण त्याच्या मदतीस येतें, तेंच केबलच्या वळणांत आपल्या विरुद्ध उभें राहतें. आणि तें वेढ्यांच्या बेरजेनें नव्हे तर गुणाकारानें वाढतें. घर्षणाचा गुणांक ०.१ धरल्यास, एकंदर १८० अंश वळलेल्या केबलच्या दुसऱ्या टोकाशीं १०० भार मिळण्यासाठीं ह्या टोकाशीं सुमारें १३७ भार लावावा लागतो. वळणें ३६० अंशांचीं झालीं तर १८७. तीच केबल जुनी व खरबरीत होऊन गुणांक ०.२ झाला, तर हे आंकडे १८७ आणि ३५१ असे होतात. ज्या केबलमध्यें वळणें अधिक, ती जुनी झाल्यावर अधिक झपाट्यानें बिघडते, तें ह्याच कारणानें. शिवाय तार आणि नळी ह्यांमधील सैलपणाही वळणांबरोबर वाढत जाणारी तूट उत्पन्न करतो. सैलपणा अर्धा मिलिमीटर आणि वळणें एकंदर ३६० अंश असलीं, तर ढकलणें व ओढणें ह्यांच्या संधींत तीन मिलिमीटरांहून अधिक हालचाल फुकट जाते. तात्पर्य, केबल निवडणें म्हणजे अर्धें तिचा मार्ग निवडणें होय.

पांचवी गोष्ट आग व उष्णता. इंजिन आणि माणसें ह्यांच्यामध्यें पोलादी पत्र्याचा अग्निरोधक पडदा असतो. विमानविद्येंत 'अग्निरोधक' हा शब्द सैल अर्थानें वापरीत नाहींत. सुमारें १,१०० अंश सेंटिग्रेडची ज्वाळा १५ मिनिटें सोसली पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे. ह्या पडद्यांतून केबल जेथून आंत येते त्या भोंकास साधी रबरी कडी बसविली, तर आगींत ती क्षणांत जळून जाते आणि बैठकीकडे ज्वाळेस दार उघडें होतें. तेथें पोलादी गोलकाची पकड किंवा आगीस टिकणारें आवरण घालावें. केबल बदलण्याचा दिवस हा ही जुनी कसर भरून काढण्याचा उत्तम दिवस होय.

बसवितांना

उत्तम केबलही चुकीच्या जागीं बांधली तर वाईट चालते. वर सांगितल्याप्रमाणें इंजिन रबरी गाद्यांवर बसलेलें असतें; सुरू होतांना व बंद पडतांना तें चांगलेंच हिसके देतें, आणि शक्ति वाढली कीं थोडें कलतें. म्हणून कार्ब्युरेटरजवळ नळीचें टोक ज्या कोनाड्या पट्टीनें धरावयाचें ती पट्टी इंजिनाच्याच अंगास जोडली पाहिजे, इंजिन धरणाऱ्या नळ्यांच्या चौकटीस नव्हे. पट्टी इंजिनावर असली म्हणजे नळी व दांडी दोन्ही बरोबर हलतात आणि हुकूम बदलत नाहीं. ती चौकटीवर असली तर इंजिनाच्या प्रत्येक हिसक्याबरोबर जणुं अदृश्य हात थ्रॉटल मागें-पुढें करीत असतो. पडद्यापासून ह्या पट्टीपर्यंत केबलला इंजिनाबरोबर हलण्याइतकी ढील ठेवावी, आणि मधले क्लॅम्प रबरी अस्तराचे असावे.

दांडीशीं सांधा बहुधा पोलादी गोळ्याचा असतो. कडीच्या आंत गोळा फिरतो आणि त्याच्या भोंकांतून बोल्ट जातो. केबलच्या दांड्यावरील आटे पुष्कळदां एका इंचांत ३२, व्यास सुमारें ४.८ मिलिमीटर, अशा मापाचे असतात. कडीचे आटे त्याच मापाचे असावे, ते पुरेसे आंत गेलेले असावे आणि मागून दुसऱ्या नटानें कुलूप घातलेलें असावें. बोल्टास खांचांचा नट लावून त्यांतून कॉटर पिन घालावी, म्हणजे थरथरीनें नट सुटणार नाहीं. आणि सर्वांत स्वस्त, पण सर्वांत अधिक विसरला जाणारा भाग म्हणजे एक रुंद वॉशर. गोळा झिजून कडींतून निसटला, तर कडी बोल्टावरून सरळ बाहेर पडूं शकते. परंतु बोल्टाच्या उघड्या बाजूस कडीच्या भोंकाहून मोठा वॉशर असला तर ती तेथेंच अडकून राहते, आणि थ्रॉटल खडखडत कां होईना, हातांत राहतो. कांहीं पैशांचा हा वॉशर किती मोलाचा आहे, हें ह्यावरून दिसून येईल.

तुटलीच तर

इतकें सर्व करूनही केबल कधींच तुटणार नाहीं असें कोणी म्हणूं नये. म्हणून शहाणा बांधणारा शेवटीं एकच प्रश्न विचारतो : ती तुटली तर इंजिन काय करील? वेगवेगळ्या इंजिनांचें उत्तर वेगवेगळें आहे. रोटॅक्स ९१२ ह्या लहान विमानांत फार वापरल्या जाणाऱ्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरांवरील स्प्रिंगा थ्रॉटल उघडण्याच्या दिशेनें ओढतात; तेथें केबल तुटली तर इंजिन पूर्ण शक्तीवर जातें. लायकॉमिंगवरील साध्या कार्ब्युरेटरास अशी स्प्रिंग असेलच असें नाहीं. तेथें सुटलेली दांडी थरथरीनें जिकडे सरकेल तिकडे सरकते. अमेरिकन सरकारनें १९९३ सालीं कारखान्यांत बनणाऱ्या एका इंजिनाच्या लहान विमानांसाठीं असा नियम केला कीं, थ्रॉटलची जोडणी इंजिनाशीं सुटली तरी विमानास पुढें उडत राहून सुखरूप उतरतां आलें पाहिजे. घरीं बांधलेल्या विमानास हा नियम लागू नाहीं. पण त्यांतील शहाणपण कोणासही लागू करून घेतां येतें.

सामान्य माणसास वाटेल कीं इंजिन पूर्ण शक्तीवर अडकणें हें भयंकर, आणि मंद चालीवर अडकणें हें त्यापेक्षां बरें. वस्तुतः बहुधा उलटें आहे. शक्ति आहे तोंवर विमान वर चढवितां येतें, विमानतळापर्यंत नेतां येतें, आणि धांवपट्टी खात्रीनें गांठतां येईल अशा उंचीवर आल्यावर तांबडी मूठ मागें ओढून इंजिन बंद करून तरंगत उतरतां येतें. शक्तीच नसली तर खालीं जें शेत दिसेल तेंच पत्करावें लागतें. ह्यासाठीं कित्येक बांधणारे थ्रॉटलच्या दांडीस उघडण्याच्या दिशेनें ओढणारी हलकी स्प्रिंग लावतात. ती केबलच्या घर्षणाशीं झगडण्याइतकी जोरकस नसावी, नाहींतर मूठ आपोआप पुढें सरकेल. आणि तिचें टोक जेथें अडकविलेलें असतें ती जागा घासून झिजते, म्हणून तीही तपासावी लागते. मिश्रणाची केबल सुटल्यास पेट्रोल तुटण्याच्या दिशेनें दांडी जाऊं नये, ह्याचाही असाच विचार करावा.

नवी केबल बसल्यावर एकानें बैठकींत बसून मुठी हलवाव्या आणि दुसऱ्यानें इंजिनापाशीं उभें राहून दांड्या दोन्हीं अटकावांस टेकतात कीं नाहीं हें पाहावें. हा दुसरा माणूस बांधणारा नसलेला बरा. स्वतःच्या कामांतील उणीव स्वतःच्या डोळ्यांस लवकर दिसत नाहीं. वर सांगितलेल्या अमेरिकन संस्थेनें ह्यासाठींच अनुभवी सभासदांकडून बांधणी पाहून सल्ला देण्याची सोय ठेविली आहे. मग इंजिन जमिनीवर चालवून पाहावें, पुन्हां झांकण काढून सर्व सांधे तपासावे, आणि पहिलें उड्डाण एकट्यानें, विमानतळाच्या माथ्यावरच करावें. दुसरी बैठक त्या दिवशीं रिकामीच असावी.

शेवटीं दोन लहान सूचना. काढलेली जुनी केबल लगेच फेंकून देऊं नये. ती लांबींत कापून उघडावी. अस्तर कोठें झिजलें, कोठें वितळलें, गंज कोणत्या टोकानें शिरला, हें तींत स्पष्ट लिहिलेलें असतें, आणि नवीन केबल पुढें कोठें झिजेल हेंही त्यावरून कळतें. दुसरी सूचना नोंदीची. केबलची जात, लांबी, चाल, कर्त्याचा क्रमांक, बसविल्याची तारीख आणि बदलण्याचें कारण हीं विमानाच्या वहींत लिहून ठेवावीं. घरीं बांधलेलें विमान पुष्कळदां बांधणाऱ्याच्या हातून दुसऱ्याच्या हातीं जातें. त्या दुसऱ्या मालकानें एकही रिव्हेट ठोकलेला नसतो, आणि मागविण्यासाठीं कारखान्याचें पुस्तकही त्याच्यापाशीं नसतें. त्याच्या शेजारच्या बैठकीवरही कोणी तरी भरंवशानें बसणार असतें. त्या दिवशीं त्यांस उपयोगीं पडणार ती ही वहीच.